फाइलच्या पहिल्या पानावरचा आकडा: रक्ताच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना खुलं पत्र

सर्व हेमॅटोलॉजिस्ट डॉक्टर, आणि खास करून ओपीडीत नव्या पेशंटचा केसपेपर लिहिणारे रेसिडेंट डॉक्टर, यांना सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या महिन्यात ओपीडीच्या बाकड्यावर माझ्या शेजारी एक पोरगा बसला होता, असेल पंचवीस-सव्वीसचा, सोबत टोपी घातलेले वडील आणि कापडी पिशवीत सगळे रिपोर्ट. सीएमएल, म्हणजे रक्ताचा एक कॅन्सर, निघून पाच आठवडे झालेले. मी जुनी पेशंट वाटले म्हणून असेल, त्यानं फाइल उघडली, पहिल्या पानावरच्या एका ओळीखाली बोट ठेवलं आणि वडलांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "ताई, हे हाय रिस्क म्हणजे किती वर्षं?"

मला पटकन काही बोलताच आलं नाही. कारण तीच ओळ माझ्या फाइलवर आठ वर्षं होती, आणि ती चुकीची होती. कुणी मुद्दाम चुकीचं लिहिलं नव्हतं, पण गणितात एक आकडा भलताच घातला होता आणि त्या एका आकड्यानं आमच्या घराची आठ वर्षं कशी गेली ते मला तुम्हाला सांगायचंय. पत्र लांबेल, पण वाचा.

मी कराडकडची, एका पतसंस्थेत क्लार्क आहे. २०१६ साली मी ३१ वर्षांची होते, मुलगा चार वर्षांचा. अर्धी भाकरी खाल्ली की पोट तट्ट व्हायचं, डाव्या बाजूला जड जड वाटायचं, घाम यायचा, साडी नेसताना निऱ्या खोचायला त्रास व्हायचा, आणि मी सहा महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसले. माझ्या आज्जीनं पोटाला हात लावून सांगितलं होतं, "अगं तुझी पाणथरी वाढलीय." आम्ही हसण्यावारी नेलं. मग एकदा ऑफिसात चक्कर आली म्हणून साधी ब्लड टेस्ट केली तर पांढऱ्या पेशी दोन लाखांच्या वर, जिथं अकरा हजाराच्या आत पाहिजेत. लॅबवाल्यानं रात्री नऊ वाजता फोन केला. चार दिवसात पुण्यात, आठवड्यात नाव कळलं, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया.

आजार काय आहे ते तुम्हाला मी सांगणं बरोबर नाही, पण हे पत्र पेशंटही वाचतील म्हणून दोन ओळी. ९ नंबरच्या आणि २२ नंबरच्या गुणसूत्राचे तुकडे आपसात अदलाबदल होतात आणि बीसीआर-एबीएल नावाचं एक बिघडलेलं जनुक तयार होतं, ते पेशींना सारखं "वाढा वाढा" सांगत राहतं. ते आखूड झालेलं गुणसूत्र १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फियामधे सापडलं म्हणून त्याला फिलाडेल्फिया क्रोमोझोम म्हणतात, आणि ही अदलाबदल आहे हे १९७३ ला जॅनेट राउली या बाईंनी दाखवून दिलं. हे आईबापाकडून येत नाही, पोराबाळांना लागत नाही. २००१ ला इमॅटिनिब नावाची गोळी आली आणि सगळं बदललं. त्या गोळीच्या पहिल्या मोठ्या अभ्यासात इमॅटिनिबवर असलेल्या लोकांपैकी १० वर्षांनी ८३ टक्के जिवंत होते. आपल्याकडं आधीच जेनेरिक मिळत होती आणि १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं पेटंटच्या केसमधे निकाल दिला म्हणून ती पुढंही मिळत राहिली, नाहीतर पतसंस्थेच्या पगारात मी काय करणार होते.

आता मुद्द्याचं.

पहिल्या ॲडमिशनच्या वेळी एका डॉक्टरांनी मोबाइलवर चार आकडे टाकले, वय, प्लेटलेट, ब्लास्ट म्हणजे रक्तातल्या कच्च्या पेशी, आणि स्प्लीनची, म्हणजे पाणथरीची, साइज, आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहिलं, सोकल १.४५, हाय. सोकल म्हणजे आजाराचा धोका मोजायचा एक जुना स्कोर. मग आम्हाला बाहेर बोलवून सांगितलं की तुमचा हाय रिस्क आहे, अशा पेशंटला पुढच्या पिढीची जास्त ताकदीची गोळी चालू करणं बरं, पण ती महाग आहे, बघा काय जमतंय. आम्हाला जमलं नाही. इमॅटिनिबच चालू केली.

एवढंच घडलं, चार मिनिटात. पण घरी काय झालं ते ऐका. ह्यांनी, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, कित्येक वर्षं स्वतःला माफ केलं नाही की बायकोला चांगली गोळी परवडली नाही. प्रत्येक रिपोर्टच्या दिवशी ते पार्किंगमधेच थांबायचे, वर यायचेच नाहीत. मी माझ्या सगळ्या एफडीवर बहिणीचं नाव नॉमिनी म्हणून टाकलं. मुलगा पहिलीत जायच्या आधी मी त्याला स्वतःचं स्वतः डबा भरायला शिकवलं. दुसऱ्या मुलाचा विषय त्या दिवशी बंद झाला तो कायमचा. रात्री मी इंटरनेटवर शोधायचे तर जुन्या काळातली माहिती यायची, तीन ते पाच वर्षं वगैरे, जी इमॅटिनिबच्या आधीची होती, पण ते मला कोण सांगणार? मी पाच वर्षं मोजत बसले. पाच झाली तेव्हा आनंद झाला नाही, भीतीच वाटली, कारण आता मोजायला काही उरलं नव्हतं.

गोळी चालू झाल्यावर तीन महिन्यांनी पीसीआर केला, म्हणजे रक्तात बीसीआर-एबीएल किती उरलंय ते सांगणारी टेस्ट, ७.४ टक्के. सहा महिन्यांनी ०.९. डॉक्टर म्हणाले ठीक आहे, आणि खरंच ठीक होतं, कारण तीन महिन्यांना १० च्या आत, सहा महिन्यांना १ च्या आत आणि वर्षाला ०.१ च्या आत अशी ती पायरी आहे. पण वर्षाला माझा आला ०.४. म्हणजे धोक्याची सूचना. डॉक्टरांनी फाइल पहिल्या पानापासून उघडली, लाल ओळ बघितली आणि म्हणाले, "हाय रिस्क आहे ना, त्यामुळं असं होतं."

इथं मला थांबून नीट सांगायचंय, कारण चुकीच्या आकड्यानं केलेलं सगळ्यात मोठं नुकसान मला हे वाटतं. त्या ओळीनं उत्तर आधीच देऊन टाकलं होतं म्हणून कुणी प्रश्नच विचारला नाही. प्रश्न साधा होता, गोळ्या रोज घेता का? मी घेत नव्हते. उपाशीपोटी घेतली की मळमळायचं, रात्री पोटऱ्यात असे गोळे यायचे की उठून भिंत धरायला लागायची, सकाळी उठलं की डोळ्याखाली सूज, ऑफिसात सगळे विचारायचे झोप झाली नाही का. मग उपासाच्या दिवशी नाही घ्यायची, गावच्या जत्रेला नाही, गौरी-गणपतीला घरात वीस माणसं म्हणून नाही, लग्नाला गेले तर नाही. महिन्याला पाच-सहा गोळ्या राहायच्या. आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही, भीती वाटायची की डॉक्टर रागवतील, एवढी मिळतीय गोळी तर खात नाही म्हणून.

मला हे पकडलं एका काउन्सेलर मॅडमनी. त्यांनी "घेता ना गोळ्या नियमित?" असं विचारलं नाही, त्यावर कोणीही मान हलवतं. त्यांनी विचारलं, "गेल्या महिन्यातल्या किती उरल्यात घरी? दहा असल्या तरी चालतील, मला फक्त आकडा सांगा." मी सांगितलं आणि रडले. त्यांनी सांगितलं की गोळी रात्रीच्या पोटभर जेवणाबरोबर, मोठा तांब्याभर पाणी पिऊन घ्यायची. पोटऱ्यांसाठी डॉक्टरांकडनं औषध लिहून घेतलं. त्यानंतर सहा महिन्यांनी माझा पीसीआर ०.०५ आला. तीच गोळी, तोच आजार, तीच "हाय रिस्क" बाई.

नंतर मी वाचलं की लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधे याच्यावर अभ्यास झालाय, २०१० ला छापून आलाय. ८७ पेशंट, गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात चिप बसवलेली, बाटली कधी उघडली ते नोंदवणारी. ज्यांनी ९० टक्क्यांपेक्षा जास्त गोळ्या घेतल्या त्यांच्यात ०.१ च्या खाली जायची सहा वर्षांची शक्यता ९४.५ टक्के, आणि ज्यांनी ९० किंवा त्याहून कमी घेतल्या त्यांच्यात २८.४. आता नव्वद टक्के म्हणजे किती ते बघा, तीसपैकी सत्तावीस. महिन्याला तीन गोळ्या राहिल्या की तुम्ही त्या दुसऱ्या गटात गेलात. मी हिशोबाची बाई आहे, हा आकडा वाचून मला झोप लागली नव्हती. पुढं काय होणार हे सांगणारी एवढी मोठी गोष्ट, जी पेशंटच्या हातात आहे, जिला एक रुपया लागत नाही, ती माझ्या फाइलमधे कुठंच लिहिलेली नव्हती. आणि जी लिहिली होती ती चुकीची.

ती चुकीची आहे हे मला कसं कळलं ते आता सांगते.

२०१९ पासून माझा पीसीआर ०.०१ च्या खाली आहे. तर २०२४ मधे मी धीर करून विचारलं की गोळी थांबवून बघता येईल का. फ्रान्समधे १०० पेशंटवर हे करून बघितलंय, स्टिम नावाचा अभ्यास, २०१० ला आला. ज्यांच्यात दोन वर्षं आजार पीसीआरमधे दिसत नव्हता त्यांची इमॅटिनिब बंद केली, त्यातल्या साधारण चाळीस टक्के लोकांना परत चालू करावी लागली नाही. ज्यांचा आजार वर आला त्यांचा बहुतेक पहिल्या सहा महिन्यातच आला, आणि गोळी परत चालू केल्यावर तो परत खाली गेला. त्याच अभ्यासात दिसलं की सुरुवातीचा सोकल स्कोर कमी असेल आणि गोळी जास्त वर्षं घेतली असेल तर थांबवणं टिकायची शक्यता जास्त. (वाचणाऱ्या पेशंटनो, हे कुणी घरी बसून करायचं नाही. पहिले सहा महिने दर महिन्याला पीसीआर लागतो, तोही चांगल्या लॅबचा, आणि डॉक्टर बरोबर पाहिजेत.)

डॉक्टरांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं. मग पान उलटत उलटत मागं गेले, लाल ओळीवर थांबले आणि म्हणाले, "तुमचा हाय रिस्क आहे, माझं मन धजत नाही."

मी फाइल घरी आणली. रात्री जेवणं झाल्यावर कॅल्क्युलेटर घेऊन बसले. सोकलचा फॉर्म्युला शोधून काढला, उघडाच आहे, कुणालाही मिळतो. १९८४ चा, म्हणजे माझ्यापेक्षा एक वर्षानं मोठा. वय ३१, प्लेटलेट साडेचार लाख, ब्लास्ट ३ टक्के. स्प्लीन? सोनोग्राफीच्या रिपोर्टवर २१ सेंटीमीटर. ते टाकलं, उत्तर आलं १.४५. बरोबर जुळलं. पण फॉर्म्युल्याच्या खाली लिहिलेलं होतं की स्प्लीनचा आकडा म्हणजे बरगडीच्या कडेखाली हाताला किती सेंटीमीटर लागते तो. सोनोग्राफी तर पूर्ण लांबी सांगते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यातला बराचसा भाग बरगडीच्या आतच असतो, निरोगी माणसाची सुद्धा दहा-अकरा सेंटीमीटर भरते. मग मी ॲडमिशनचा केसपेपर शोधला. कुणातरी रेसिडेंट डॉक्टरनं, देव त्यांचं भलं करो, माझ्या पोटावर हात ठेवून टेप लावून लिहिलं होतं, स्प्लीन ९ सेंटीमीटर, डाव्या बरगडीखाली. मला तो हात आठवतोय पण चेहरा आठवत नाही.

नऊ टाकले. ०.९६. सोकलमधे १.२ च्या वर हाय आणि ०.८ च्या खाली लो, म्हणजे मी मधल्या गटात होते.

मग मी नवा स्कोर काढला, ईएलटीएस, जो २०१६ मधेच छापून आला. सोकलचा स्कोर ८१३ पेशंटवरनं बनवला होता आणि तेव्हा इमॅटिनिब नव्हतीच, ईएलटीएस मात्र युरोपातल्या दोन हजारांहून जास्त अशा पेशंटवर बनवलाय जे इमॅटिनिब घेत होते, आणि तो सीएमएलमुळंच मरण यायची शक्यता सांगतो, कारण आता सीएमएलचे कितीतरी पेशंट म्हातारपणानं नाहीतर हार्टनं जातात. घटक तेच चार, वजनं वेगळी. २१ टाकले तर २.२९, हाय. ९ टाकले तर १.५६. लोची हद्द आहे १.५७ पर्यंत.

एकच बाई, एकच दिवस, एकच रक्त. सोनोग्राफीचा आकडा घातला तर हाय, हाताचा घातला तर लो. काठावरची लो आहे, मला मान्य आहे, पण लो. रात्री दीड वाजता मी ह्यांना उठवलं आणि दोन्ही कागद दाखवले. ते काही बोलले नाहीत, बाहेर ओट्यावर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं आत आले आणि म्हणाले, "म्हणजे ती दुसरी गोळी…" मी म्हटलं, "हो, लागत नव्हती."

आमच्याकडं कॅशबुकात एक आकडा चुकला तर दिवसअखेरीला टॅली होत नाही, आम्ही रात्री आठपर्यंत बसून तो शोधतो, मग घरी. तुमच्याकडं चुकलेला आकडा टॅलीला अडत नाही. पेशंट नीट राहिला तर "बघा हाय रिस्क असून चांगली आहे", बिघडला तर "हाय रिस्कच होता". दोन्ही बाजूंनी तो बरोबरच ठरतो. म्हणून तो आठ वर्षं टिकला. मला कुणावर राग काढायचा नाहीये, तुमच्या ओपीडीत एका सकाळी किती माणसं असतात ते मी नऊ वर्षं बघतेय, तुम्ही चहा सुद्धा उभ्यानं पिता. पण म्हणूनच सांगतेय की ही चूक माझ्या एकटीची नसणार. ज्याचा सोनोग्राफी रिपोर्ट समोर आहे आणि हाताचा आकडा शोधायला मागची पानं चाळायला लागतात तो घाईत समोरचाच आकडा घेणार, मीही तेच केलं असतं.

आणि आपल्याकडं यात आणखी एक गोम आहे. तिकडं पाश्चात्त्य देशात सीएमएल निघतो तो साधारण पन्नाशी-साठीत, बऱ्याच जणांचा दुसऱ्याच कशासाठी केलेल्या ब्लड टेस्टमधे. आपल्याकडं तिशी-चाळिशीत निघतो आणि उशिरा निघतो, पोट फुगल्यावर. म्हणजे आपल्या पेशंटच्या स्कोरमधे वय खाली ओढतं आणि स्प्लीन वर ओढते, अख्खा निकाल त्या एका आकड्यावर लटकलेला असतो. जिथं तो आकडा सगळ्यात जास्त महत्त्वाचा तिथंच तो सगळ्यात कमी काळजीनं लिहिला जातो. शिवाय हे सगळे स्कोर युरोप-अमेरिकेतल्या माणसांवर बनवलेत. ते आपल्याला जसेच्या तसे लागू पडतात का हे बघायचं तर आपल्या हजारो पेशंटच्या फायली एकत्र करून बघायला लागतील, आणि त्या फायलीत जर निम्म्यांची स्प्लीन सोनोग्राफीची आणि निम्म्यांची हाताची असेल तर त्यातून काय निघणार? तुमच्यातले जे लोक रिसर्च करतात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, आधी हा कॉलम साफ करा.

ल्युकेमिया म्हटलं की लोक सगळे एका पोत्यात घालतात तेही थोडं सांगते, कारण बाकड्यावर सगळ्यात जास्त गैरसमज याचाच असतो. आमच्या ओपीडीत एक आजोबा येतात, साताऱ्याकडचे, त्यांना सीएलएल आहे, क्रॉनिक लिम्फोसिटिक. त्यांना सहा वर्षं झाली काहीच औषध नाही, फक्त तपासणी, आणि घरच्यांना वाटतं डॉक्टरांनी हात टेकले म्हणून औषध देत नाहीत. खरं तर त्या आजारात सुरुवातीच्या स्टेजला लक्ष ठेवून थांबणं हीच ट्रीटमेंट असते. त्यांचं पुढचं भाकीत वेगळ्याच गोष्टींवर ठरतं, १७ नंबरच्या गुणसूत्राचा तुकडा गळलाय का, टीपी५३ जनुक बिघडलंय का, आयजीएचव्ही नावाच्या जनुकात बदल झालेत का, आणि गंमत अशी की हा शेवटचा बदल झालेला असणं तिथं चांगलं असतं. आजोबांना हे कुणीतरी दहा मिनिटं बसून सांगितलं असतं तर सहा वर्षं घरच्यांनी त्यांच्यासाठी जडीबुटीवाले शोधले नसते.

तर मी काय मागतेय ते स्पष्ट लिहिते.

नवा पेशंट आला की हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे पांढऱ्या पेशी खाली आणायची गोळी, चालू करायच्या आधी पोटावर हात ठेवा, टेप लावा आणि बरगडीखाली किती सेंटीमीटर ते आकड्यात लिहा. नुसतं वाढलीय म्हणून "प्लस प्लस" लिहू नका. आणि तालुक्याच्या गावचे एमडी डॉक्टर जे आम्हाला पहिल्यांदा बघतात आणि काउंट बघून लगेच गोळी चालू करून पुण्या-मुंबईला पाठवतात त्यांना तर जास्तच विनंती, कारण औषध चालू झालं की स्प्लीन काही आठवड्यात आत जाते आणि मोठ्या डॉक्टरांकडं पोचेपर्यंत मोजायला काही उरलेलं नसतं. तुमच्या एका ओळीवर आमचा स्कोर ठरणार असतो.

स्कोर लिहिला तर त्याच्याशेजारी तो कोणत्या आकड्यांवरनं काढला तेही लिहा, चारच तर आकडे आहेत. मग पुढं कुणालाही, अगदी पतसंस्थेतल्या क्लार्कलाही, पडताळून बघता येतं.

"हाय रिस्क" हे शब्द पेशंटला सांगणार असाल तर लगेच पुढचं वाक्यही सांगा, की हा आकडा आज गोळी चालू व्हायच्या आधीचा आहे आणि तीन महिन्यांचा पीसीआर याच्यापेक्षा जास्त बोलेल. तीन महिन्यांना १० च्या वर आला तरी लगेच घाबरवू नका, किती वेगानं खाली येतोय ते बघा. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात असं दिसलं की तीन महिन्यांना १० च्या वर असलेल्यांमधेही ज्यांचा आकडा ७६ दिवसांच्या आत निम्मा होत होता त्यांचं पुढं बरंच चांगलं झालं. म्हणजे सुरुवातीचा पीसीआर आणि तीन महिन्यांचा, दोन्ही एकाच लॅबमधे, इंटरनॅशनल स्केलवर, म्हणजे सगळीकडं सारख्या मापावर, पाहिजेत. आम्ही पेशंट जिथं दोन-तीनशे रुपये स्वस्त तिथं जातो, आज या लॅबला उद्या त्या, कारण आम्हाला कुणी सांगतच नाही की दोन लॅबचे आकडे शेजारी शेजारी ठेवून उपयोग नाही. सांगा. मारुतीच्या देवळाला नेमानं जाणारी माणसं आहोत आम्ही, एका लॅबला पण जाऊ.

आणि उरलेल्या गोळ्या विचारा. दर वेळी. रागवायचं नाही, फक्त मोजायचं. फाइलमधे पीसीआरच्या आकड्याशेजारी एक रकाना करा, मागच्या महिन्यात किती राहिल्या. तो रकाना माझ्या फाइलला असता तर २०१७ मधे माझा ०.४ बघून कुणीही पहिल्या पानाकडं गेलं नसतं.

माझं पुढं काय झालं ते राहिलंच. मी दोन्ही कागद घेऊन परत गेले, हात थरथरत होते, वाटत होतं आता म्हणतील तुम्ही डॉक्टर आहात का. डॉक्टरांनी केसपेपर बघितला, सोनोग्राफी बघितली, स्वतःच्या मोबाइलवर दोनदा काढलं. मग पेन घेऊन पहिल्या पानावरची लाल ओळ आडवी खोडली, त्याखाली ईएलटीएस १.५६, लो, असं लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि म्हणाले, "सॉरी, हे आम्ही बघायला पाहिजे होतं." ह्या सॉरीची मी किंमत करते. गोळी थांबवायचं अजून ठरलं नाही, दर महिन्याचा पीसीआर आणि पुण्याच्या खेपा याचा हिशोब आम्ही जुळवतोय, आणि थांबवल्यावर आजार वर आला तर मला ते झेपेल का हेही मी स्वतःला विचारतेय. पण आता निदान खऱ्या आकड्यावर विचार करतेय. आणि हे वर येतात आता, रिपोर्टच्या दिवशी, माझ्या शेजारी बसतात.

त्या पोराची फाइल मी त्या दिवशी मागून घेतली. सोनोग्राफीत स्प्लीन १९.५. स्कोरमधे किती घातली ते लिहिलेलंच नाही. केसपेपर चाळला, शेवटपर्यंत, तिथं लिहिलं होतं, "स्प्लीन प्लस प्लस". पाच आठवडे गोळ्या चालू आहेत, तो म्हणाला पोट आता हलकं वाटतंय, भाकरी जाते दोन. म्हणजे तो आकडा आता कुणालाच कधीच मिळणार नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की हे पान सोड, तुझा तीन महिन्यांचा पीसीआर कधी आहे ते सांग, आणि घरी जाऊन गोळ्या मोज. त्यानं तारीख सांगितली. मी माझ्या फोनमधे रिमाइंडर लावून ठेवलाय, आदल्या दिवशी मी त्याला फोन करणार आहे.

तुमच्या ओपीडीच्या टेबलाच्या ड्रॉवरमधे एक मोजायची टेप ठेवा डॉक्टर, शिंप्याकडं असते तसली.

आपली,
एक सीएमएल पेशंट, कराड